शेजारच्या काकांची पॉन्टियॅक

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली एकोणीस वर्षं डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो. वय ४८. आतापर्यंत तीन गाड्या झाल्या, तिन्ही टोयोटा. सध्या २०१२ ची व्ही-६ कॅमरी चालवतो, बायकोकडे नवीन प्रियस आहे. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात केली. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६५ ची लाल पॉन्टियॅक जीटीओ आहे, ऑटोमॅटिक. आता ते मुलीकडे अ‍ॅरिझोनाला राहायला निघालेत आणि गाडी मला ३४ हजार डॉलरला देतो म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर एक चक्कर मारून आणली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

मुलगा सतरा वर्षांचा. तो म्हणतो, एवढ्या पैशात गोल्फ जीटीआय येईल, ती घ्या. वर ऐकवतो, "बाबा, या डब्याला तर आईची प्रियससुद्धा मागे टाकेल." बायको म्हणते, "खांद्यावरून पट्टा येत नाही त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, आणि गॅलनला दहा मैल देणारी गाडी आणायची तर आधी एक पेट्रोलपंप विकत घ्या." या जुन्या गाड्या खरंच दमदार होत्या की नुसता गाजावाजा? घेऊ की नको?

– कॅमरीवाला, ट्रॉय


कॅमरीवाले,

तुमच्या चिरंजीवांपासून सुरुवात करतो. आकड्यांपुरतं पोराचं म्हणणं जवळजवळ खरं आहे, तेव्हा तो कडू घोट आधी घेऊन टाका.

१९६५ साली 'मोटर ट्रेंड' मासिकाने जीटीओ चालवून बघितली होती. उघड्या टपाची, म्हणजे जरा जड, आणि काकांच्या गाडीसारखीच ऑटोमॅटिक. तेव्हाच्या त्या ऑटोमॅटिकला गिअर दोनच असायचे. उभ्या जागेवरून ताशी ६० मैलांना पोचायला तिला सात सेकंद लागले. सध्याच्या प्रियससाठी टोयोटा स्वतः जो आकडा देते तो आहे ७.२ सेकंद. म्हणजे सिग्नलला दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर पुढच्या सिग्नलपर्यंत कोण जिंकलं हे फोटो काढून ठरवावं लागेल. आणि त्यातली एक गॅलनला ५७ मैल, आपल्या मापात लिटरला २४ किलोमीटर देऊन घरी येईल.

आता काकांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की त्याच वर्षी 'कार लाइफ'ने तीन कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारी भांडी) आणि चार गिअरची जीटीओ चालवली, ती ५.८ सेकंदांत ६० ला पोचली. त्या काळच्या चिंचोळ्या टायरवर ही कामगिरी १९६५ साली अफाटच होती. पण ती निराळी जीटीओ. काकांची दोन गिअरवाली आहे.

या गाड्यांच्या दंतकथा कशा तयार झाल्या याचा एक किस्सा तुमच्या गावाशेजारचाच आहे. रॉयल ओकला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या पट्ट्यात रॉयल पॉन्टियॅक नावाचे डीलर होते. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं, बदलायचे, हेडचं गॅस्केट पातळ घालायचं, स्पार्कचं टायमिंग पुढे घ्यायचं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पाडायची, असा 'बॉबकॅट' नावाचा मसाला ते गाड्यांना लावून द्यायचे. १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने अशी एक जीटीओ चालवली आणि पाव मैल १२.८ सेकंदांत गेल्याचं छापलं. देशभर बोंब झाली. त्या गाडीत ३८९ घनइंचांचं नेहमीचं इंजिन नव्हतंच, बाहेरून हुबेहूब तसंच दिसणारं ४२१ चं बसवलं होतं, हे पॉन्टियॅकच्या जाहिराती सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. तेव्हा एखादा आजोबा तुम्हाला "आमच्या वेळची जीटीओ बारा सेकंदांत जायची" म्हणाला, तर वाद घालू नका. तो खोटं बोलत नाही, त्याने तसं वाचलेलं असतं.

आता हॉर्सपॉवर. काकांनी तुम्हाला ३३५ सांगितले असणार, तुमच्या कॅमरीच्या कागदावर २६८ आहेत. यावर तुम्ही म्हणाल, बघा, जुनीच ताकदवान! थांबा. तुमच्या पगाराच्या स्लिपवर ग्रॉस आणि नेट असे दोन आकडे असतात की नाही, तसंच हे आहे. मी पंचवीस वर्षं इंजिन-टेस्टिंगच्या खोलीत काढली, त्यामुळे हा प्रकार मला जवळून ठाऊक आहे. साठच्या दशकात इंजिन स्टँडवर चढवायचे ते जवळजवळ उघडंवाघडं. एअर फिल्टर काढलेला, पंखा नाही, डायनामो नाही, सायलेन्सर नाही, धूर थेट मोकळ्या जाड पाइपातून बाहेर. टायमिंगही त्या खोलीपुरतं जमेल तितकं ताणून घेतलेलं. अशा अवस्थेत जो आकडा यायचा तो माहितीपत्रकावर छापायचा. तेच इंजिन गाडीत बसवलं, त्याच्यावर पट्टे आणि पंप चढवले, मागे सायलेन्सर लावला की त्यातले बरेच घोडे वाटेतच गळायचे.

१९७२ च्या मॉडेलपासून अमेरिकी कंपन्यांनी नेट आकडे छापायला घेतले. त्याआधीच्या वर्षी काही ठिकाणी दोन्ही सापडतात. १९७१ च्या साध्या कॉर्व्हेटचे ग्रॉस २७० आणि नेट २१०, गाडी तीच, इंजिन तेच. या हिशेबाने काकांच्या ३३५ चे मी अडीचशेच्या आसपास धरीन. म्हणजे अहो, तुम्ही रोज ज्या कॅमरीने ऑफिसला जाता तिचं इंजिन काकांच्या पॉन्टियॅकपेक्षा जास्त ताकदीचं आहे. वजन दोघींचं साडेतीन हजार पौंडांच्या आसपासच. पोराने उगाच प्रियसला मध्ये ओढलं. तुमच्या दारातली कॅमरीच काकांच्या गाडीला सहज मागे टाकते.

मग एवढं वेड कशाचं? तुमची झोप उडाली ती काही खोटी नाही.

वेड आधी आकाराचं आहे. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर, आठ सिलिंडर. भागाकार करून बघा, एका सिलिंडरला जवळजवळ ७९७ सीसी. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे काकांच्या बॉनेटखाली आठ मारुत्या एका दांड्याला जुंपलेल्या आहेत. अशा इंजिनाला ओरडावं लागत नाही. पायाने नुसतं टेकलं की गाडी जागची उचलते, आणि आणखी दाबलं की कार्बोरेटरची मागची दोन तोंडं उघडतात आणि बॉनेटखालून एक खोल घशातला 'हूऽऽ' येतो. तुम्ही वुडवर्डवर ऐकला असेल तो हाच. कॅमरी साठला आधी पोचते हे खरं, पण पोचताना ती काही बोलत नाही.

दुसरं वेड खोडसाळपणाचं, आणि जीटीओची जन्मकथा मला याचसाठी आवडते. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या कंपन्यांना शर्यतींतून बाहेर काढलं. शिवाय नियम असा, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकचे मुख्य इंजिनियर तेव्हा जॉन डीलोरियन. त्यांच्या चमूने मोठ्या गाडीचं ३८९ चं इंजिन मधल्या टेम्पेस्टमध्ये उतरवून पाहिलं, बसलं. मग पळवाट काढली: नियम मॉडेलला लागू आहे ना, मग हे मॉडेल म्हणायचंच नाही, टेम्पेस्ट लमान्सवरचा एक ऑप्शन म्हणायचं. रेडिओ घ्या, पांढऱ्या पट्टीचे टायर घ्या, तसं तीनशे डॉलरच्या आत जीटीओ घ्या. नाव फेरारीकडून सरळ उचललं. विक्रीवाले म्हणाले, पाच हजार बनवून बघू. १९६४ मध्ये खपल्या ३२,४५०, पुढच्या वर्षी ७५ हजारांच्या वर. सरकारी कचेरीत साहेबाची सही चुकवून फाईल पुढे सरकवणाऱ्या कारकुनाला जो आनंद होतो ना, तो या गाडीच्या पत्र्यात मुरलेला आहे.

हाच 'ऑप्शन' तुम्हाला महागात पडू शकतो, पण त्याकडे पुढे येतो.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल म्हणून भराभर सांगतो. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, विम्याचे हप्ते तरुण पोरांच्या आवाक्याबाहेर गेले, शिसं कमी असलेल्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते ते, उतरवावं लागलं, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. सहा महिन्यांत हायवेवर ५५ मैलांची वेस बांधली गेली. १९७४ च्या मस्टँगला व्ही-८ इंजिन मिळतच नव्हतं. मूळ इंजिन होतं २.३ लिटर, चार सिलिंडर, ८८ हॉर्सपॉवर. लोक त्या गाडीला आजही नावं ठेवतात, पण त्या वर्षी ती पावणेचार लाखांहून जास्त खपली हे सांगत नाहीत. पंपासमोर दोन तास रांगेत उभं राहिलेल्या माणसाला आठ मारुत्या नको असतात.

आणि गंमत बघा. चाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, फोर्डने मस्टँगमध्ये पुन्हा चार सिलिंडरचं २.३ लिटरचं इंजिन घातलं. आकार तोच, ताकद ३१०. मध्ये काय झालं? कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं, टर्बो आला, झडपांचं टायमिंग चालत्या गाडीत बदलता येऊ लागलं. पण माझ्या मते खरी कामगिरी एका छोट्या मायक्रोफोनची आहे. इंजिन नॉकिंग करायला लागलं, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी भडकून खडखडायला लागलं, की तो ऐकतो आणि कॉम्प्युटर तत्क्षणी स्पार्क मागे घेतो. ब्यूकने १९७८ मध्ये टर्बो व्ही-६ ला असा कान बसवला आणि त्याच इंजिनातून पुढे १९८७ ची काळी ग्रँड नॅशनल आली. २४५ हॉर्सपॉवर, सहाच सिलिंडर, आणि त्या काळातल्या भल्याभल्या व्ही-८ ना रडवायची. मला विचाराल तर अमेरिकी गाड्यांत सगळ्यात देखणा विनोद तोच: आजोबा लोकांची ब्यूक कंपनी, आणि वस्तादाची गाडी तिची.

काटकसरीच्या गाड्यांना हसू नका, मी त्यांच्यावरच वाढलो. १९९२ मध्ये शिकायला आलो तेव्हा पहिली गाडी घेतली ती तिसऱ्या हाताची जिओ मेट्रो. तीन सिलिंडर, एक लिटर. मूळची सुझुकीची कल्टस. हिचीच डिकीवाली बहीण चार सिलिंडर घालून आपल्याकडे मारुती १००० म्हणून आली होती. आमच्या कॉलनीत ती एका डॉक्टरांकडे होती आणि आम्ही पोरं तिला हात न लावता बघायचो. इथे मात्र तीच गाडी गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याची. मेट्रोची एक कंजूस आवृत्ती होती, एक्सएफआय. ४९ हॉर्सपॉवर, आणि हायवेवर त्या वेळच्या सरकारी मापाने गॅलनला ५८ मैल. शिकागोला जाताना ट्रक शेजारून गेला की आमची मेट्रो अख्खी लेन सरकायची, एअर कंडिशनर लावला की चढावर बंद करावा लागायचा. आज तुमच्या बायकोची प्रियस तेवढंच अ‍ॅव्हरेज देते, पण १९४ हॉर्सपॉवर घेऊन, एअरबॅगा घेऊन, गार हवा खात. नव्या गाड्यांनी काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. गॅलनमागच्या मैलांचा आकडा तिथेच आहे, पण त्यासाठी आता सोसावं काही लागत नाही.

तर आता काकांच्या गॅरेजमध्ये जाऊ.

पहिलं, ब्रेक. वहिनींनी पट्ट्याचा मुद्दा काढला, तो बरोबरच आहे, पण मला ब्रेकची जास्त काळजी वाटते. १९६५ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही साध्या टेम्पेस्टचेच. इंजिन मोठ्या गाडीचं आणि ब्रेक धाकटीचे! त्या वेळच्या मासिकांनीही यावरून कान धरले होते. एकदा जोरात दाबले तर थांबते, लगेच दुसऱ्यांदा दाबले तर थांबायचा विचार करते. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की एका बाजूला ओढते. पण खरा धोका मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भांड्याचा आहे. त्याला एकच कप्पा असतो, म्हणजे चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेने जातं. एक जुना रबरी पाइप फुटला की पेडल थेट फरशीला. दोन कप्प्यांचा सिलिंडर जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून घातला. काकांच्या गाडीत बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्यावर बघा. गोल, एका झाकणाचा डबा दिसला तर तो मूळचा आहे. मग बाकी काही ठरायच्या आत एवढं ठरवा, की दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर जाणार नाही. तयार किट मिळतं, मूळचे भाग जपून ठेवा, उद्या कुणाला परत बसवायचे तर बसवता येतील. शुद्धतावादी लोक नाकं मुरडतील. मुरडू देत, पेडल दाबायला ते येणार नाहीत.

पट्टे. त्या गाडीत फक्त कमरेचे आहेत. पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा १९६८ पासून सक्तीचा झाला. तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवून घेता येतात, पण वरची कडी पत्र्यात नुसती ठोकून चालत नाही, आतून जाड पट्टी देऊन माहीतगाराकडूनच लावून घ्यायला हवी. स्टिअरिंगचा दांडाही सरळसोट लोखंडी, समोरून धडक बसली तर तो तुमच्या छातीशी येतो. त्यावर सोपा उपाय नाही. म्हणून या गाडीने हायवेवर घाईच्या वेळी जाऊ नये आणि पोराने एकट्याने तर मुळीच नाही. तसंही, जुन्या गाड्यांच्या ठरीव किमतीच्या विम्यात पंचवीस वर्षांखालच्या ड्रायव्हरला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, तेव्हा "विमा कंपनी नाही म्हणते रे" एवढं सांगितलं की तुम्हाला वाईटपणा नाही.

दुसरं, कागद. इथे तो 'ऑप्शन' आडवा येतो. १९६४ आणि ६५ मध्ये जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच, त्यामुळे चासी नंबर बघून गाडी खरी जीटीओ की साधी लमान्स हे कळत नाही. १९६६ पासून नंबर २४२ ने सुरू होतो, मग प्रश्न मिटतो. ६५ ची साधी लमान्स घ्या, बॉनेट बदला, बिल्ले लावा, ३८९ चं इंजिन बसवा, झाली जीटीओ. असं साठ वर्षं चाललं आहे. काका फसवत असतील असं मी म्हणत नाही, त्यांनाही कुणीतरी विकलेली असू शकते. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस म्हणून एक संस्था आहे, तिच्याकडे कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदी आहेत. चासी नंबर आणि थोडी फी पाठवली की ही गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली याची प्रत मिळते. त्यात जीटीओ लिहिलं असेल तर ३४ हजार ठीक आहेत, बाकी अंग चांगलं असेल तर स्वस्तच म्हणीन. नसेल तर ती चांगली दिसणारी लमान्स आहे, घ्यायला हरकत नाही, पण लमान्सच्या भावात.

तिसरं, पत्रा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं हे तुम्हाला सांगायला नको. मी स्वतः २००४ मध्ये १९६८ ची फायरबर्ड घेतली होती, ३५० च्या इंजिनाची. विकणारा गोड बोलायचा, रंग आरशासारखा. घरी आणून आठवड्याने डिकीत स्टेपनी काढून ठेवली तर खाली बोट गेलं. पत्रा नव्हताच. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर जाळी, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. बोळ्यावर तारीखसुद्धा वाचता येत होती. तेव्हापासून फ्रिजवरचा एक चपटा लोहचुंबक खिशात घेऊन जातो. मागच्या चाकाच्या कमानीला, दाराच्या खालच्या कडेला, मागच्या काचेखाली लावून बघायचा. चिकटला नाही तिथे पुट्टी. मग गाडी लिफ्टवर चढवून खालच्या फ्रेमला, विशेषतः मागच्या चाकांच्या वर जिथे ती वळते तिथे, स्क्रू-ड्रायव्हरने टोचायचं. रंग खराब असला तरी चालेल, इंजिन दमलेलं असलं तरी चालेल, ते सगळं होतं. फ्रेम खाल्लेली असेल तर काकांना चहा पाजा आणि घरी या.

इंजिनाबद्दल काकांना दोन गोष्टी विचारा. हेड कधी उघडलं होतं का आणि तेव्हा झडपांखाली कडक सीट घातल्या का? शिसं असलेलं पेट्रोल गेल्यावर जुन्या मऊ सीट झिजतात. वर्षाला थोडेच मैल चालवलं तर लगेच काही होत नाही, पण माहीत असावं. दुसरं, पेट्रोलचे रबरी पाइप कधी बदलले? आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं आणि थेंब पडतो तो गरम इंजिनावर. पाइप स्वस्त असतात, सगळे बदलून टाका. कॉम्प्रेशन पावणेअकराच्या आसपास आहे, त्यामुळे महागातलंच पेट्रोल घालावं लागेल. तरी चढावर खडखडली तर टायमिंग थोडं मागे घ्यायचं. तो मायक्रोफोनवाला कान या गाडीत तुमचाच.

आता वहिनींचा पेट्रोलपंप. काकांची गाडी गॅलनला बारा मैल देईल असं धरू. अशा गाड्या वर्षाला फार तर दीड हजार मैल चालतात, म्हणजे १२५ गॅलन. प्रियस वर्षाला बारा हजार मैल चालली तर तिला २१० गॅलन लागतात. पंप घ्यायची गरज नाही, वर्षाचा हिशेब मांडला तर प्रियसच जास्त पिते. हा युक्तिवाद जेवणाच्या टेबलावर एकदाच करा, दोनदा केलात तर वहिनी धुराचा मुद्दा काढतील, आणि तिथे तुमच्याकडे उत्तर नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, चोक लागलेली गाडी सकाळी पाच मिनिटं जे ओकते त्याचा वास घराला चिकटलेल्या गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात जातो. गाडी ढकलत बाहेर काढा आणि मग सुरू करा. सासूबाई साताऱ्याहून आल्या असतील तर हे विशेष पाळा.

पोराची जीटीआय? उत्तम गाडी. साठला सहा सेकंदांच्या आत जाते, हायवेला गॅलनला तीसच्या वर देते, चार माणसं आणि कॉस्टकोचं सामान घेते. तुमच्याकडे एकच गाडी असती आणि ती बदलायची असती, तर मी डोळे मिटून तीच सांगितली असती. पण कॅमरी आहे, प्रियस आहे, मग तिसरी सर्वगुणसंपन्न गाडी घेऊन काय करणार? आणि सतराव्या वर्षी त्याला नवी कोरी २४१ हॉर्सपॉवर देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्याला गाड्यांचं खरंच वेड असेल तर माझ्या मनात वेगळंच आहे. शनिवारी सकाळी त्याला काकांच्या गाडीच्या पॉइंटची, म्हणजे ठिणगीचा प्रवाह तोडणाऱ्या टोकांची, फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजायला बसवा. ती मिलिमीटरच्या अंशात असते आणि हाताला ग्रीस लागल्याशिवाय जमत नाही. मोजून झाल्यावर ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट धरून त्याला बघू दे की फटीत केसाएवढा फरक केला तर इंजिनाचा आवाज कसा बदलतो. त्याच्या जीटीआयमध्ये हे सगळं झाकणाखाली बंद आहे, तिथे बघायला काही मिळणार नाही.

तर घ्या. कागद जुळले, फ्रेम शाबूत निघाली, आणि ब्रेक-पट्ट्यांचे तीन-चार हजार तुम्ही बाजूला काढलेत, तर घ्या. वेगासाठी घेऊ नका, तो तुमच्याकडे आधीच आहे. गुंतवणूक म्हणूनही घेऊ नका. ज्यांनी तरुणपणी या गाड्या पाहिल्या ते गिऱ्हाईक आता काकांच्याच वयाचं आहे, पुढे भाव कुठे जाईल यावर मी चार आणेही लावणार नाही. ऐतिहासिक गाडीची पाटी काढा. एरवी त्या पाटीवर गाडी प्रदर्शन-मिरवणुकीपुरतीच चालवता येते, पण मिशिगनमध्ये ऑगस्टचा अख्खा महिना रोजच्या कामालाही चालते. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालली आहे. मी रॉयल ओकच्या बाजूला फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसलेला असतो, हॉर्न वाजवा.

आणि एक राहिलं. काका कारखान्यात काम केलेले, म्हणजे त्यांनी नक्की वही ठेवली असणार. कधी ऑइल बदललं, कुठला जेट घातला, कुठल्या वर्षी काय वाजलं. सौदा ठरवताना ती वही मागून घ्या, आणि ते अ‍ॅरिझोनाला जायच्या आधी एक अख्खी दुपार त्यांच्याजवळ बसून त्यातलं न कळणारं अक्षर लावून घ्या. वहीसाठी पाचशे डॉलर जास्त मागितले तरी घासाघीस करू नका.